झुलती नंबरपाटी

१९५५ साली, रामनवमीच्या दोन दिवस आधी, शेलूबाजारच्या पोलीस चौकीसमोर सकाळी एक जीप अडवण्यात आली आणि तिच्या चालकाचे लायसन जप्त झाले. जीप धावत असताना तिचा मागचा नंबर दिसत नाही, असा आरोप होता. जीप उभी होती तेव्हा नंबर स्वच्छ दिसत होता.

आमचा मुलूख तेव्हा मध्य प्रदेशात होता. मी अकोल्याच्या एका दैनिकाला मंगरूळपीरहून बातम्या पाठवीत असे. रामनवमीला भरणाऱ्या पोहरादेवीच्या यात्रेची बातमी करायची होती आणि आदल्या रात्री शेलूबाजारला एका नातेवाइकाकडे मुक्काम होता. म्हणून त्या सकाळी मी या जीपमध्ये चालकाच्या शेजारी बसलो होतो. मागे त्याची आई आणि त्याच्या तांड्यावरच्या पाच बाया होत्या. पुढे जे लिहितो आहे त्यातले बहुतेक मी पाहिलेले आहे. जे ऐकले, ते ऐकले असे सांगितले आहे.

जीप लष्कराच्या लिलावातली होती. मालक जवळच्याच एका गावचे जमीनदार. चालक तिशीच्या आतला, त्या गावाला लागून असलेल्या तांड्यावरचा. तांड्यातली माणसे थोडीफार शेती करीत आणि शेतातले काम संपले की लाकूडतोडीला किंवा रस्त्याची खडी फोडायला बाहेरगावी जात. तोही दोन हंगाम खडीवर गेला होता. तिथेच एका ठेकेदाराच्या मोटारीवर तो चालवायला शिकला. मोटारीचे लायसन मिळालेला तांड्यातला तो पहिला माणूस. लायसन तो कापडाच्या पिशवीत घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवी. यात्रेसाठी मालकांनी जीप त्याच्या हवाली केली होती.

जीपचा नंबर पत्र्यावर रंगवलेला होता आणि तो पत्रा मागच्या बाजूला खाली दोन बोल्टांनी कसलेला होता. मालकांच्या गावापासून सडकेपर्यंतची वाट म्हणजे काळ्या मातीतली गाडीवाट. पावसाळ्यात तिथे चाक रुतायचे आणि उन्हाळ्यात चिखलातल्या चाकोऱ्या वाळून दगड व्हायच्या. त्या हादऱ्यांनी पत्रा बोल्टांशी तडकायचा आणि गळून पडायचा. दोनदा नवा पत्रा रंगवून घेतला. तोही पडला. शेवटी तो एका सालदाराला शेताच्या धुऱ्यावर, बांधाशी सापडला. तेव्हा चालक पत्रा घेऊन शेलूबाजारच्या लोहाराकडे गेला.

हा लोहार बैलगाड्यांचे काम करणारा. चाकाला लोखंडी धाव चढवणे, आस बसवणे, कड्या, साखळ्या, विळे. मोटारीचे काम त्याने तोवर केले नव्हते. त्याने लोखंडी पट्टीची चौकट केली, तिच्यात पत्रा सरकवला आणि ती चौकट दोन कड्यांनी जीपच्या मागे टांगली. कड्यांत चामड्याचे तुकडे घातले. चौकटीच्या कडेला त्याने छिन्नीने बारीक वेल कोरली होती. मालकांना ती आवडली. गाडीवाटेवर चौकट झुलायची, पण पडायची नाही. चार महिने ती टिकली होती.

सडकेवर जीप वेगात असली की खालून वारा भरायचा आणि चौकट मागे उचलली जायची. मग नंबर आभाळाकडे होई. वेग कमी झाला की ती परत खाली येई. हे कोणालाच माहीत नव्हते. चालक पुढे बघत असे. मालक त्याच्या शेजारी बसत. लोहाराने जीप उभी असतानाच पाहिली होती. धावत्या जीपच्या मागे त्या भागात फक्त धूळ असे.

जिल्ह्यात दारूबंदी होती. सुगीनंतर धनजकडून चौकीला खबर आली होती की, नंबर नसलेली एक जीप तिन्हीसांजेला डबे भरून जाते. जमीनदारांची मुलगी धनजला दिलेली होती, त्यामुळे या जीपच्याही त्या रस्त्याने फेऱ्या होत. खबर याच जीपची होती की दुसऱ्या एखाद्या, हे नंतरही ठरले नाही.

त्या सकाळी बाजाराच्या कडेला एक शिपाई उभा होता. जीप त्याच्यासमोरून गेली आणि त्याने शिट्टी मारली. चालकाने चौकीसमोर जीप थांबवली. शिपाई धावत आला, मागे गेला आणि तिथेच थबकला.

ठाणेदार चौकीतून बाहेर आले. ते नागपूरकडचे, चाळिशीचे, आवाज न चढवणारे होते.

“हीच का?”

“हीच साहेब. आत्ता गेली तवा नंबर नव्हता. आता पाहा, आला.”

“काय रे, नंबर येतो-जातो का?” ठाणेदारांनी चालकाला विचारले.

तो उतरून जीपजवळ उभा राहिला होता. नजर खाली. “नाही साहेब.”

“मग शिपाई खोटं बोलतो?”

“नाही साहेब.”

“मग काय?”

 मागून त्याची आई उतरली. साठीची, अंगावर आरशांची चोळी, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. “मले इचारा साहेब,” ती म्हणाली. “पोलिसाले पाह्यलं का थो मुका होते. लहानपनापासून तसाच हाय.”

तांड्यातली ही जुनी शिकवण आहे, असे तिने मला नंतर वाटेत सांगितले. तिच्या सासऱ्याच्या काळी तांड्यावर पोलीस येऊन चोरीच्या संशयाने माणसे मोजीत. पोलीस आला की खाली पाहायचे, विचारल्याशिवाय बोलायचे नाही आणि विचारले तर शक्य तितके कमी बोलायचे. मोजणी बंद झाली, शिकवण राहिली.

ठाणेदारांनी शिपायाला जीपखाली जाऊन पाहायला सांगितले. चालकाच्या जागेवरून नंबर वर ओढायची काही युक्ती असावी, असा त्यांचा अंदाज होता. शिपाई पाठीवर सरपटत आत गेला आणि कपाळाला काळे वंगण लावून बाहेर आला. त्याच्या हातात सुतळीचा तुकडा होता.

“पाहा साहेब. दोर बांधेल हाय.”

जीपमधली एक बाई म्हणाली, “दोर नाही बाप्पा, सुतळी हाय थे. दोर पाहाचा असन तर तांड्यावर या. बैल बांधाचा दाखोतो तुमाले.”

बाया हसल्या. शिपायाने बाहीने कपाळ पुसले आणि काळे आणखी पसरले.

“सुतळी कशाला?” ठाणेदारांनी चालकाला विचारले.

“वाजते म्हून.”

“काय वाजतं?”

“पाटी.”

 खरी हकिगत अशी होती, आणि ती मला त्याने पोहरादेवीला सांगितली. मालकांच्या मुलीला तिच्या तान्ह्या बाळासह धनजहून आणताना चौकट जीपवर आपटत होती आणि बाळ दचकून उठत होते. म्हणून त्याने ती सुतळीने खालच्या हुकाला बांधली. गावाजवळ आल्यावर सुतळी तुटली आणि तिचे टोक तिथेच राहिले. एवढे बोलायला एक मिनिट पुरले असते. चौकीसमोर त्याने ते सांगितले नाही आणि त्याच्या आईला ते माहीत नव्हते.

ठाणेदारांनी लायसन मागितले. त्याने कापडाची पिशवी काढून दिली. ठाणेदारांनी पिशवी परत दिली आणि लायसन ठेवून घेतले. ते अकोल्याला मोटार निरीक्षकांकडे जाईल, असे त्यांनी सांगितले. नंबर मुद्दाम लपवला असे ठरले तर लायसन रद्द होईल.

“रद्द म्हंजे?” आईने विचारले.

“म्हणजे याला मोटार चालवता येणार नाही.”

“किती रोज?”

“कायमची.”

“मंग जीप?”

“जीप दुसरा कोणी चालवेल.”

“अन् हा?”

ठाणेदारांनी लायसन खिशात ठेवले. ती चालकाकडे वळली आणि त्यांच्या बोलीत काही म्हणाली. तो मानेनेच नाही म्हणाला. ती काय म्हणाली ते मी पुढे विचारले. ती म्हणाली होती, “पुन्हा खडी फोडायला जाशील का?”

बाया उतरून कडुलिंबाच्या सावलीत बसल्या. चौकट कोणी केली, हे ठाणेदारांनी विचारले आणि लोहाराला बोलावणे गेले. तो काजळलेल्या हातांनीच आला, वाकून चौकट पाहिली, कड्या हलवल्या.

“ही माहीच हाय. काय झालं हिले?”

“ही अशी हलती का ठेवली?”

“मंग काय ठोकून बसवू? ठोकेल राह्यते का साहेब ह्या रस्त्यानं? तुमी जू पाह्यलं ना गाडीचं? खिळा मारते का कोनी? दोरीनं बांधतेत. गाडीत जे घट्ट थे तुटते, सैल थे टिकते.”

“ही बैलगाडी आहे का?”

“चाकं तं दोन जास्तच हायेत.”

जमलेले लोक हसले. ठाणेदारही किंचित हसले, असे मला वाटले. मग ते म्हणाले की आपण पाहूनच घेऊ. ते स्वतः चालकाच्या शेजारी बसतील, त्याच्या हातापायांकडे लक्ष ठेवतील. जीप पुढच्या मोरीच्या पुलापर्यंत जाऊन परत येईल. शिपाई सडकेच्या कडेला उभा राहून नंबर वाचेल. मी, लोहार, आई आणि बाया शिपायाजवळ जाऊन उभे राहिलो.

जीप गेली आणि परत आली. तुपाने काठोकाठ भरलेली कासंडी घेऊन चालल्यासारखी चालकाने ती चालवली. चौकट हलके हलके झुलत होती. शिपायाने एकेक आकडा मोठ्याने वाचला. घाई नव्हती. त्याने नंबर दोनदा वाचला.

ठाणेदार उतरले. “दिसला?”

“पुरा दिसला साहेब.”

“पाहा,” लोहार म्हणाला. “मी म्हनलं नव्हतं? काईच खोट नाही तिच्यात.”

चौकटीत खोट नसेल तर दोष चालकावर येतो, हे त्याच्या ध्यानात आले नव्हते. ठाणेदार चालकाला म्हणाले, “म्हणजे शिपाई एकटा असला की नंबर जातो आणि मी बसलो की येतो.”

चालक चाकावर हात ठेवून समोर पाहत होता. ठाणेदार खिशातून वही काढायला लागले. तेवढ्यात आई जीपजवळ गेली.

“काहून रे, मयतीच्या मांगं चालल्यावानी चालवून राह्यला? रोज अशीच चालोते का? अशी चालोली असती तं आपन देवीले दसऱ्याले पोचलो असतो.”

“साहेब बसेल हायेत,” तो हळू म्हणाला.

“साहेब काय अंड्याचे हायेत? फुटतेत का थे?”

लिंबाखालच्या एका म्हाताऱ्याला हसताना ठसका लागला. शिपाई दुसरीकडे पाहू लागला. ठाणेदारांनी वही पुन्हा खिशात ठेवली. “बाई म्हणते ते बरोबर आहे. रोज चालवतोस तशी चालव.”

तेव्हा चालक पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहून बोलला. “भरधाव चालोली तं तुमी थोबी गुन्हा धरान साहेब.”

“नाही धरणार.”

तो हलला नाही.

“हे सगळे ऐकताहेत,” ठाणेदार म्हणाले. “यांच्यासमोर सांगतो. नाही धरणार.”

ते पुन्हा शेजारी बसले. या वेळी जीप मोरीच्या पुढे बरीच लांब गेली, वळली आणि आली. सडक तिथे सरळ होती. धूळ आधी दिसली, मग जीप. ठाणेदारांनी टोपी हाताने दाबून धरली होती. जीप समोरून गेली त्या क्षणी चौकट मागे उचलली गेलेली आम्हाला सगळ्यांना दिसली. ती हलत नव्हती. पाटासारखी आडवी, वाऱ्यावर ठेवल्यासारखी होती. शिपायाने वाचायला तोंड उघडले होते, ते तसेच राहिले. पुढे वेग कमी झाला आणि चौकट खणकन खाली आली.

“दिसला?” ठाणेदारांनी उतरता उतरता विचारले.

“नाही साहेब. नंबर वर पाहून राह्यला होता.”

“याचे दोन्ही हात चाकावर होते,” ठाणेदार म्हणाले. “पाय जागेवर होते. तसं लिहीन मी.”

 लोहाराने चालकाला आणखी एक फेरी मारायला सांगितली. ठाणेदारांनी होकारार्थी मान हलवली. ती फेरी लोहाराने सडकेच्या कडेला गुडघ्यांवर बसून, मान वाकडी करून पाहिली. धूळ बसली तेव्हा तो उठला.

“वारा,” तो म्हणाला. “खालून वारा भरते. बैलगाडीले वारा कुठं लागते बाप्पा? त्याचा हिसाब म्या केलाच नाही.” मग तो चालकाच्या आईकडे वळला. “बाई, चूक माही हाय. पोराची नाही.”

“मले काय सांगतं?” ती म्हणाली. “ज्याच्यापाशी लायसन हाय त्याले सांग.”

ठाणेदारांनी त्याला विचारले की हेच अकोल्याला निरीक्षकांसमोर येऊन सांगशील का. लोहाराने विचारले, अकोल्याला त्या दिवशी मुक्काम पडेल का. पडणार नाही, असे ठाणेदार म्हणाले. “मंग येतो,” लोहार म्हणाला.

लायसन मात्र त्यांना परत देता आले नाही. जप्तीची नोंद झाली होती. यात्रेला जाऊन येण्यापुरती चिठ्ठी त्यांनी चालकाला दिली. अट एकच होती, चौकट पक्की बसवायची. लोहाराने कड्या काढल्या आणि चौकट बोल्टांनी आवळली. आवळताना तो दोनदा म्हणाला की ही राहणार नाही. ठाणेदार म्हणाले, राहील तितकी राहू दे.

दुपारी आम्ही निघालो. मंगरूळपीर गेले, मानोरा गेले. त्यापुढे यात्रेला जाणाऱ्या बैलगाड्यांनी वाट पुरती उखणली होती. चालकाने अचानक जीप थांबवली आणि तो मागे गेला. एका बोल्टाजवळ चौकट मोडून लोंबत होती. त्याने ती काढली आणि हातात धरून उभा राहिला. ठाणेदारांची अट त्याने मला पुन्हा सांगितली. पुढे फाट्यावर यात्रेचा बंदोबस्त होता.

“इकडं आन,” आई म्हणाली.

तिने चौकट घेतली, मागच्या फळीवर टेकवली आणि नंबर बाहेरच्या बाजूला करून दोन्ही हातांनी धरली. हात भरून आले की दुसरी बाई धरी. पोहरादेवीपर्यंत सहाही बायांनी ती आळीपाळीने धरली. फाट्यावरच्या शिपायाने हात वर करून जीप थांबवली.

“हे काय धरून बसल्या मावशी?”

“नंबर हाय. वाचता येते ना तुले?”

त्याने वाचला आणि जीप सोडली.

यात्रेत दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक जण आला होता. चालकाने त्याच्याकडून नंबर जीपच्या मागच्या फळीवरच रंगवून घेतला. रंग वाळेपर्यंत एक बाई शेजारी उभी राहून लोकांना दूर करीत होती. सुतळीची आणि तान्ह्या बाळाची हकिगत त्याने मला तेव्हाच सांगितली. ती ठाणेदारांना सांगायला हवी होती, असे मी म्हणालो. तो म्हणाला, “त्यायनं सुतळी धरेल होती हातात. मंग माहं कोन मानन? काय सांगू?”

मोडकी चौकट त्याने परत येताना लोहाराला नेऊन दिली. लोहाराने ती घेतली आणि भट्टीजवळ ठेवली. पुढे तिचे काय झाले ते मला माहीत नाही.

अकोल्याची सुनावणी दोन आठवड्यांनी झाली. मी हजर नव्हतो. लोहाराने सांगितले ते असे. निरीक्षकांनी ठाणेदारांचा अहवाल वाचला आणि लोहाराला विचारले. लोहाराने हातवारे करून वारा कसा भरतो ते दाखवले. निरीक्षकांना ते पहिल्यांदा समजले नाही, म्हणून त्याने टेबलावरची पुठ्ठ्याची फाईल दोन बोटांत धरून तिच्याखालून फुंकर मारली. फाईलमधले कागद खाली पडले आणि ते त्याने व चालकाने मिळून उचलले. मग निरीक्षकांनी चालकाला सुतळीबद्दल विचारले. त्याने खाली पाहिले. लोहाराने त्याला कोपराने ढोसले. “मंग बोलला बाप्पा,” लोहार म्हणाला. “लेकराचं सांगतलं, आपटत होती थे सांगतलं, तुटली थे सांगतलं. मालकाच्या पोरीले बोलवा म्हनला, थे सांगन. साहेब म्हनले, गरज नाही.”

निकाल त्या दिवशी लोहाराला समजला नाही. त्याला परतीची गाडी गाठायची होती, तो आधी निघाला.

धनजच्या खबरीतली डब्यांची जीप सापडली नाही. निदान माझ्या पाहण्यात तशी बातमी आली नाही. ठाणेदारांची पावसाळ्याआधी बदली झाली.

वैशाखात मंगरूळपीरला सरकीच्या दुकानासमोर ती जीप उभी दिसली. चालक पोती चढवून घेत होता. मी लायसनचे विचारले. त्याने हात धोतराला पुसले, पिशवी काढली आणि लायसन माझ्या हातात दिले. आतल्या पानावर ताकीद लिहिलेली होती, खाली सही आणि शिक्का होता. रद्द केल्याचा शेरा नव्हता. ते त्याने परत पिशवीत ठेवले, उरलेली दोन पोती चढवून घेतली आणि जीप चालवीत शेलूबाजारच्या सडकेने गेला.